परदेशात वैमानिकाची नोकरी: आधी लायसन्सचं बघा

विमानाच्या अंगावरची नोंदणीची अक्षरं पाहा. भारतीय विमानावर 'व्हीटी', अमिरातीच्या विमानावर 'ए६'. नोकरीची खरी गुंतागुंत इथेच आहे. १९४४ च्या शिकागो करारानुसार, विमान ज्या देशात नोंदलेलं असेल त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स वैमानिकाकडे लागतं. म्हणून मुंबईहून वर्षानुवर्षं एअरबस उडवणाऱ्या कॅप्टनलाही युरोपीय कंपनीत कायमची नोकरी करायची तर एटीपीएलचे (एअरलाइन वैमानिकाच्या लायसन्सचे) तेराही पेपर तिथे नव्याने द्यावे लागतात. शिवाय तिथली वैद्यकीय तपासणी आणि तिथे काम करण्याचा परवाना. हा परवानाच अनेकांना अडवतो.

जाहिरातीत एकूण उड्डाणतासांइतकंच ते तास कोणत्या विमानावरचे आहेत हे महत्त्वाचं असतं. बोइंग सातशे सदतीसवरचा अनुभव एअरबसच्या जागेसाठी पुरेलच असं नाही. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते.

भारतातून निघणाऱ्यांनी नोटिशीचा हिशेब आधी करावा. २०१७ मध्ये डीजीसीए या भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाने नोटिशीसाठी कॅप्टनला एक वर्ष आणि सहवैमानिकाला सहा महिने अशी मुदत घातली. नवी कंपनी तेवढं थांबणार का, हे मुलाखतीतच स्पष्ट विचारावं आणि लेखी घ्यावं. नोकरी लावून देण्यासाठी आगाऊ पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी मुळीच लागू नये.