टेनिसमधील सर्व्हिस : बळाचा उगम आणि त्याचे वहन

टेनिसच्या खेळातील इतर सर्व फटके म्हणजे प्रतिस्पर्ध्याने धाडलेल्या चेंडूस दिलेली उत्तरे होत. सर्व्हिस तेवढी सर्वस्वी खेळाडूच्या स्वाधीन असते. चेंडू कोठे उचलावा, किती उंच उचलावा, केव्हा व किती जोराने मारावा, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. अशा स्थितीत सर्व्हिसचा वेग वाढवावा असे मनात आले की विद्यार्थी खेळाडूचे लक्ष प्रथम आपल्या दंडाकडे जाते. तो हात अधिक आवेशाने फिरवितो. परंतु वेग फारसा वाढत नाही, चेंडू वारंवार जाळ्यात जातो आणि पुढे खांदा दुखू लागतो. ही चूक केवळ सरावातील नसून विचारातील आहे. बळ हातात असते हा समज तिच्या मुळाशी आहे. तो कितपत खरा आहे हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या मार्गावरील नायगाव व त्याच्या आसपासची गावे ह्यांत ज्वारीच्या राखणीसाठी गोफण वापरण्याची रीत जुनी आहे. सोयाबीनचा पेरा वाढल्यापासून माळ्यावर उभा असलेला राखणदार पूर्वीइतका दिसत नाही. तथापि गोफण कशी चालते हे ह्या भागातील विद्यार्थ्यास समजावून सांगावे लागत नाही. राखणदार गुंडा सोडतो तेव्हा प्रथम त्याचा पाय रोवला जातो, नंतर कंबर वळते, मग खांदा, कोपर व मनगट, आणि सर्वांच्या शेवटी दोराचे एक टोक सुटते. नुसता हात फिरवून सोडलेला गुंडा दूर जात नाही. सर्व्हिसचे तत्त्व ह्याहून फारसे निराळे नाही.

प्रथम आघाताचा विचार करू. नियमानुसार टेनिसच्या चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. असा चेंडू ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५० मीटर, वेगाने निघाला तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ७२ जूल भरते. चेंडू व तारा ह्यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे पाच सहस्रांश इतकाच काळ टिकतो. सर्व्हिसच्या वेळी चेंडू जवळजवळ स्थिर असल्यामुळे तो रॅकेटच्या आघातस्थानाच्या वेगाच्या साधारणतः १.४ पट वेगाने बाहेर पडतो. अर्थात्‌ रॅकेटचा वेग ताशी १० किलोमीटरने वाढला तर चेंडूचा सुमारे १४ किलोमीटरने वाढेल. ह्यावरून हेही उघड होते की आघाताच्या क्षणी मूठ आवळून काही साधत नाही. जो वेग द्यावयाचा तो रॅकेटला त्यापूर्वीच मिळालेला असला पाहिजे.

हा वेग येतो कोठून? ह्या प्रश्नावर १९९५ साली प्रसिद्ध झालेली दोन अनुमाने वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. ऑस्ट्रेलियातील ब्रूस एलियट व त्यांचे सहकारी ह्यांनी रॅकेटच्या अंतिम वेगाची फोड केली, तेव्हा त्यातील निम्म्याहून अधिक वाटा दंडाच्या आतील बाजूस होणाऱ्या फिरण्याचा (ह्यास येथे अंतर्भ्रमण म्हणू) आणि सुमारे ३० टक्के वाटा मनगटातून हाताच्या पुढे येण्याचा आढळला. उलटपक्षी अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद बेन किबलर ह्यांनी असे मांडले की सर्व्हिससाठी लागणाऱ्या गतिज ऊर्जेपैकी निम्म्याहून किंचित अधिक ऊर्जा पाय, कंबर व धड ह्यांतून येते. मग खरे कोणते? वस्तुतः दोन्ही खरी आहेत, कारण दोहोंनी मोजलेली गोष्ट एक नव्हे. पहिल्याने रॅकेटच्या वेगास शेवटी कोणता सांधा कारण होतो हे सांगितले. दुसऱ्याने त्या सांध्यापर्यंत पोहोचणारी ऊर्जा कोठून निघते हे सांगितले. पाण्याचा जोर नळाच्या तोंडाशी दिसतो, पण तो येतो उंचावरील टाकीतून. तद्वत वेग खांद्यात व मनगटात प्रकट होतो, आणि त्याचे भांडवल जमिनीवर रेटा देणारे पाय पुरवितात.

ह्या वहनाचा क्रम इ. स. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील खेळाडूंच्या चित्रणावरून मोजला गेला आहे. तेथे कमरेच्या वळण्याचा महत्तम वेग सेकंदास सुमारे ४४० अंश, धडाच्या वरच्या भागाचा ८७०, कोपर सरळ होण्याचा १५१० आणि मनगटाचा १९५० अंश असा आढळला. दंडाचे अंतर्भ्रमण पुरुषांत सुमारे २४२० व स्त्रियांत १३७० अंशांपर्यंत गेले. जड व मंद अवयवांकडून हलक्या व चपळ अवयवांकडे वेग चढत जातो, हा गोफणीचाच न्याय होय. मात्र उपमा येथवरच न्यावी. गोफण अनेक फेरे घेऊन वेग साठविते. रॅकेटला एकाच हेलकाव्यात सर्व मिळवावे लागते. शिवाय दोरीला स्वतःच्या अक्षाभोवती वळण्याचे काम नसते. दंडाला असते, आणि ते कोपर बरेचसे सरळ झाल्यानंतर, आघाताच्या अगदी समीप परमावधीस पोहोचते.

साखळीतील एखादा दुवा निकामी झाला तर काय होते, ह्याचे गणितही किबलर ह्यांनी दिले आहे. कंबर व धड ह्यांच्याकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर तेवढेच फळ मिळविण्यासाठी खांद्याचा भ्रमणवेग सुमारे ३४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. गुडघे न वाकविता सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा का दुखतो ह्याचे उत्तर ह्यात आहे. सिडनीच्याच चित्रणाच्या अभ्यासात, गुडघे चांगले वाकविणाऱ्या खेळाडूंच्या खांद्यावर व कोपरावर पडणारा भार इतरांहून कमी आढळला. म्हणजे पायांचा उपयोग वेगासाठी जितका, तितकाच शरीररक्षणासाठीही आहे.

येथे उंचीची शंका उपस्थित होणे साहजिक आहे. पुण्यातील बालेवाडी येथे जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या महाराष्ट्र ओपन स्पर्धेचा अंतिम सामना केव्हिन अँडरसन व इव्हो कार्लोव्हिच ह्यांच्यात झाला. पहिल्याची उंची २.०३ मीटर, दुसऱ्याची २.११ मीटर. तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले, आणि ३६ बिनतोड सर्व्हिस करूनही कार्लोव्हिच पराभूत झाला. असा सामना पाहिलेल्या सामान्य उंचीच्या विद्यार्थ्यास हा खेळ आपला नव्हे असे वाटले तर नवल नाही. म्हणून भूमिती तपासून पाहू. मागील रेषा जाळ्यापासून ११.८९ मीटरवर असते, सर्व्हिसचा चौकोन जाळ्यापलीकडे ६.४० मीटरपर्यंत असतो आणि जाळ्याची मध्यावरील उंची ०.९१ मीटर असते. चेंडू मध्यभागातून अगदी सरळ रेषेत गेला असता तर, त्याचा आकार दुर्लक्षिला तरी, तो २.६१ मीटर उंचीवरून मारावा लागला असता. आघाताची उंची सर्वसाधारणपणे खेळाडूच्या उंचीच्या दीडपट असते. हे माप १.७० मीटर उंचीच्या खेळाडूसाठी २.५५ मीटर व कार्लोव्हिचसाठी सुमारे ३.१७ मीटर येते. पहिल्यास सरळ रेषा नाकारली जाते, हे खरे. परंतु गुरुत्वाकर्षण आणि चेंडूस दिलेली पुढच्या दिशेची फिरकी ह्यांमुळे चेंडूचा मार्ग खाली वाकतो, व पायांच्या रेट्याने अंग वर उचलले गेल्यास उणे पडलेले काही सेंटिमीटर भरून निघतात. उंच खेळाडूचा लाभ नाहीसा होत नाही. पण ठेंगण्या खेळाडूस पायांची गरज दुप्पट असते, हा त्यातील बोध आहे.

आता सरावासंबंधी. रॅकेट कुऱ्हाड धरल्याप्रमाणे धरावी. तळहात मागून टेकविलेली पकड दंडाच्या अंतर्भ्रमणास वाव देत नाही. चेंडू फार उंच उचलू नये. आघातस्थानाच्या २० सेंटिमीटर वरून पडणारा चेंडू तेथे सेकंदास सुमारे २ मीटर वेगाने येतो, तर एक मीटर वरून पडणारा ४.४ मीटर वेगाने. दुसऱ्या स्थितीत क्षण साधणे अर्थातच कठीण होते. चेंडू हातातून सुटत असता गुडघे वाकावेत, आणि रॅकेट पाठीमागे खाली जात असताना पायांनी जमीन रेटावी. ही जोडी जुळली की दंड आपोआप मागे ताणला जातो व ताणलेले स्नायू अधिक जोराने परततात. पाय अगोदरच सरळ झाले तर हा ताण वाया जातो. फटका पुढे नव्हे तर वर मारावयाचा आहे, हे मनावर बिंबवावे. उजव्या हाताच्या खेळाडूने डाव्या पायावर, मैदानाच्या आत उतरावे. आरंभी रॅकेट बाजूस ठेवून ह्याच हालचालीने जुने चेंडू जाळ्यावरून उंच फेकण्याचा अभ्यास करावा. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्यांस हा क्रम लवकर अंगवळणी पडण्यास अडचण येऊ नये.

वेग मोजण्यासाठी रडार यंत्र हवेच असे नाही. सेकंदास २४० चित्रे घेणारा मोबाइल बाजूस स्थिर ठेवावा आणि आघातापासून टप्प्यापर्यंतची चित्रे मोजावीत. मध्यावरील रेषेच्या कडेने, चौकोनाच्या टोकाशी पडणाऱ्या सर्व्हिसचा मार्ग सुमारे १८.५ मीटर असतो. चित्रे १२० भरली तर काळ अर्धा सेकंद, आणि सरासरी वेग ताशी १३३ किलोमीटर झाला. हवेच्या विरोधामुळे आरंभीचा वेग ह्याहून अधिक असतो. परंतु त्याच खेळाडूच्या आजच्या व महिन्यानंतरच्या वेगाची तुलना करण्यास एवढे साधन पुरेसे आहे. ज्या तालुक्याच्या गावी टेनिसचा प्रशिक्षक सहसा उपलब्ध नसतो, तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास ह्यात लघुप्रबंधाचा एक चांगला विषय सापडू शकेल.

अशी नोंद ठेवताना वेगाच्या शेजारी आणखी दोन रकाने अवश्य असावेत : गुडघा किती वाकला, आणि सरावानंतर खांदा दुखला की काय. वेग वाढला, पण गुडघ्याचा कोन तोच राहिला व खांदा दुखू लागला, तर ती प्रगती नव्हे. हात पायांचे काम करू लागला आहे, एवढाच तिचा अर्थ. अशा वेळी सर्व्हिसची संख्या कमी करून पुन्हा फेकीच्या अभ्यासाकडे वळावे. वेग मागाहूनही मिळविता येतो. झिजलेला खांदा पूर्ववत होईलच ह्याची शाश्वती नसते.