दहा रुपयांचं वायसर

संपादकांना फुलसावंगीच्या हेलिकॉप्टरवर लेख हवा होता. यवतमाळच्या महागाव तालुक्यातल्या या गावात एका तरुण कारागिरानं मारुती ८०० च्या इंजिनावर एका माणसापुरतं हेलिकॉप्टर उभं केलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिन तोंडावर असताना, रात्रीच्या चाचणीत मागच्या पंख्याचं पातं तुटून वरच्या पंख्यावर आदळलं. त्यात तो गेला.

जुनी वर्तमानपत्रं चाळताना त्याच आठवड्यातली दुसरी बातमी दिसली आणि मी तिथेच अडकलो. १२ ऑगस्टला पहाटे ५.४३ वाजता श्रीहरिकोट्याहून इस्रोचं जीएसएलव्ही-एफ१० रॉकेट उडालं. पहिले दोन टप्पे सुरळीत पार पडले, तिसरा पेटलाच नाही. २,२६८ किलोचा उपग्रह गेला.

कारण निघालं एका झडपेत. तिसऱ्या टप्प्याचं इंधन असलेला द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांवर असतो. जरा ऊब लागली की त्याची वाफ होते, टाकीतला दाब चढतो. जास्तीचा दाब सोडून द्यायला ही झडप. कुकरच्या शिट्टीचंच काम म्हणा ना. पण मिटल्यावर तिनं हायड्रोजन अडवलाही पाहिजे, म्हणून तिच्यात मऊ सील बसवतात. चौकशी समितीच्या मते बहुधा हे सीलच दुखावलं होतं: उघडझापेनं, आत शिरलेल्या कचऱ्यानं, किंवा त्या थंडीत बसवणुकीवर आलेल्या ताणानं. झडप गळली, दाब उतरला, टाकीतला छोटा पंप बिघडला आणि इंजिन उपाशी राहिलं.

यवतमाळात फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींना हे सांगितलं. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. "वायसर हलकं टाकलं का पंप गळतेच, साहेब. दहा रुपये वाचते अन् पाठ भिजते." २०१७ च्या फवारणीत विषबाधेनं माणसं गमावलेल्या जिल्ह्यात हे वाक्य हसण्यावारी नेता येत नाही.

अमेरिकेतही तेच. जून २०१५ मध्ये स्पेसएक्सचं फाल्कन-९ आकाशात फुटलं. टाकीतली वायूची बाटली धरून ठेवणारा आधारदांडा साडेचार हजार किलोचा भार पेलेल असा हिशेब होता; कंपनीच्या अंदाजानं तो त्याच्या पाचव्या हिश्शालाच तुटला. नासाच्या पाहणीनं बोट ठेवलं ते त्याच्या पोलादावर: प्रत कारखानी वापराची, अंतराळाची नव्हे.

म्हणजे हुशारी कुठेच कमी नव्हती. फरक पुढे पडला. इस्रोनं जमिनीवर तीच परिस्थिती उभी करून गळती पडताळली, झडप सुधारली, इंजिन पेटण्याआधी टाकीत पुरेसा दाब भरण्याची सोय केली. २९ मे २०२३ ला पुढचं जीएसएलव्ही नीट पोचलं. फुलसावंगीच्या पात्याला दुसरी चाचणी नव्हती, कारण चाचणीच्या वेळी माणूस आत बसला होता.

जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत धातू ताणून तोडून पाहायची यंत्रं असतात. आठवड्यातली एक दुपार ती गावच्या वेल्डरांना मोकळी करा. आणि तुमच्या ओळखीत असा कुणी यंत्रवेडा पोरगा असेल, तर त्याला एवढं सांगा: पातं आधी वाळूच्या पोत्यांआड, दुरून फिरवून बघ. आत बसू नकोस.