उजनीच्या पाण्याकाठी सुट्टी : जाणाऱ्यांनी आणि धंदा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे असे काही

सुट्ट्या आल्या की बारामती-इंदापूर भागातील आपले व्यापारी व कारागीर बांधव हर्णै, मुरूड, अलिबाग अशी नावे काढतात. मुलांना पाणी बघायचे असते, होडीत बसायचे असते. परंतु घाट उतरून जायचे तर दुकान निदान चार दिवस बंद ठेवावे लागते आणि खर्चाचा आकडाही लहान नसतो. म्हणून या वेळी आम्ही घराजवळच्या बंदराची माहिती देत आहोत. इंदापूर तालुक्याला समुद्र नाही हे खरे, पण होड्या, जाळी, मासळीचा लिलाव आणि पाण्याकाठी मुक्काम हे सर्व भिगवण-कुंभारगाव परिसरात आहे.

हे पाणी आले कोठून?

भीमा नदीवर माढा तालुक्यात उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयास यशवंतसागर म्हणतात. जलाशय भरला की सुमारे 117 टीएमसी पाणी साठते आणि त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा असतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यातही पाणी पुष्कळ मागे हटते, परंतु जलाशय पुरता आटत नाही. या पाण्याखाली अनेक गावांची जुनी घरे आणि काळी जमीन गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्यातच आहे, दुष्काळी उन्हाळ्यात ते उघडे पडते. जमीन गेलेल्यांपैकी पुष्कळांनी पुढे मासेमारीवर पोट भरले आणि अलीकडे त्यांच्यातील काही घरे पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवतात, घरी उतरवून जेवू घालतात. आपण तेथे देतो तो पैसा अशा घरांत जातो.

केव्हा जावे, कसे जावे?

डिसेंबर ते मार्च हा उत्तम काळ. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू ओसरते, उथळ चिखल उघडा पडतो आणि त्यातील बारीक जीव व शेवाळ खाण्यासाठी रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. हिवाळ्यात पट्टकदंबही येतात. चित्रबलाकांची वसाहत पाहायची असल्यास जवळच भादलवाडीचा तलाव आहे. पक्षी पाहायचे तर पहाटे निघावे, ऊन चढले की मजा राहात नाही.

भिगवण पुणे-सोलापूर महामार्गावर आहे आणि त्याच लोहमार्गावर त्याचे स्टेशनही आहे. सर्व गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून वेळापत्रक पाहून निघावे. बारामतीहून एस.टी.ने किंवा स्वतःच्या वाहनाने तासाभरात पोहोचता येते. परतताना सवड असेल तर इंदापूर शहरातील मालोजीराजे भोसले यांची गढी आणि चाँदशाहवली दर्गा ही ठिकाणे करता येतात.

मुक्काम आणि जेवण

मुक्काम बहुधा घरगुती असतो. निघण्यापूर्वी फोनवर चार गोष्टी साफ विचारून घ्याव्यात : खोलीचा दर किती, जेवण त्यात धरले आहे की वेगळे, न्हाणीघर स्वतंत्र आहे का, आणि होडीचे भाडे होडीमागे आहे की माणसामागे. आपण दुकानात भाव ठरल्याखेरीज माल बांधत नाही, तोच दस्तूर येथेही पाळावा. पुढची कटकट टळते. फोनवरून पैसे देण्याची सोय असली तरी रेंज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून थोडी रोकड जवळ असू द्यावी.

मासळी हा तेथील खास पदार्थ. भिगवणच्या बाजारात चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम अशी मासळी येते आणि तिचा लिलाव होतो. घरी नेण्यासाठी घेताना डोळा स्वच्छ व गलफड लाल पाहून घ्यावे. बर्फ व थर्माकोलची पेटी बरोबर असल्यास माल खराब होत नाही. मात्र जलाशयाचे पाणी पिऊ नये आणि त्यात उतरून आंघोळ करू नये. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा व भीमेतून येथपर्यंत येते.

होडीत बसण्यापूर्वी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. 21 मे 2024 रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठास लागला, सहा जीव गेले. मृतांत लहान मुलेही होती. हे पाणी वरून शांत दिसते, पण विस्तार मोठा असल्याने वाऱ्याला अडवणारे काही नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे वारे अचानक उठतात. तेव्हा उन्हाळ्यात होडीचा फेरा सकाळीच उरकावा आणि आभाळ भरून आले तर पैसे गेले तरी चालतील, पण होडीत बसू नये.

प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट पाहिजे आणि त्याचे पट्टे बांधलेले पाहिजेत. मुलांना मुलांच्याच मापाचे द्यावे, मोठ्यांचे जाकीट पाण्यात अंगातून निसटते. जाकीट नसेल किंवा होडीत माणसे जास्त होत असतील तर सरळ नकार द्यावा. यात संकोच कसला?

नावाड्याला "आणखी जवळ घ्या" असा आग्रहही करू नये. पक्षी चरत असताना उडवले की त्यांचे पोट उपाशी राहते. वारंवार उडवले तर ते जागा सोडतात. दारातले गिऱ्हाईक आपणच हुसकावून लावण्यासारखे ते होईल, आणि नुकसान त्या नावाड्याचेच.

आपल्या धंद्याला यात काय आहे?

मुक्कामाच्या घरांना जे लागते त्यातील पुष्कळ माल व काम आपल्याच कारागिरांच्या हातचे आहे. गाद्या-उशा करणाऱ्यांना, पडदे व मच्छरदाण्या शिवणाऱ्यांना, वेल्डिंग व इंजिन दुरुस्ती करणाऱ्यांना, बेकरीवाल्यांना, तसेच इंदापूरचे पेरू-डाळिंब विकणाऱ्या बागवानांना येथे गिऱ्हाईक मिळू शकते. पाण्याकाठी दमट हवा असते. म्हणून गाद्यांना धुता येतील अशा खोळी द्याव्यात, लोखंडी कामाला रेड ऑक्साइडचा हात देऊन मगच रंग लावावा. असा माल टिकतो आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येते.

उधारीचा हिशेब हंगाम पाहून करावा. या घरांची कमाई मुख्यत्वे डिसेंबर ते मार्चची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माल द्यावा आणि वसुलीची मुदत मार्चअखेरपर्यंतच ठेवावी. पावसाळ्यात तगादा लावून हाती काही लागत नाही, वाईटपणा मात्र येतो. व्यवहार ओळखीतला असला तरी चिठ्ठी लिहून घ्यावी.

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. स्वस्तात जाकिटे शिवून द्या, अशी मागणी एखाद्या शिंपी बांधवाकडे आली तर ती घेऊ नये. जाकिटाच्या आतील तरंगणारा भाग, त्याचे वजन पेलण्याचे माप आणि पट्ट्यांची मजबुती यांची चाचणी झालेली असावी लागते. साध्या स्पंजाचे जाकीट पाणी पिऊन जड होते. पडद्याची शिवण उसवली तर पुन्हा घालता येते, येथे तशी संधी नाही. प्रमाणित जाकिटे आणून विकावीत, त्यात नफाही आहे आणि मनाला समाधानही.

स्वतःच्या शेतावर खोल्या काढण्याचा विचार असलेल्यांनी राज्य शासनाचे 2020 चे कृषी पर्यटन धोरण आणि पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना यांची चौकशी करावी. नोंदणी करूनच काम सुरू केलेले बरे.

थोडक्यात, दोन दिवसांची सवड काढा, कुटुंबाला घेऊन जा, चार पैसे तेथे खर्च करा आणि जमल्यास दोन सौदेही जुळवून या. फक्त होडीत पाय ठेवण्यापूर्वी जाकिटाचा पट्टा ओढून पाहा.