अनियमित क्रियापदांची वहिवाट

शाळेत 'गो, वेंट, गॉन' आणि 'सिंग, सँग, संग' अशी रूपे घोकण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला, त्यांना इंग्रजी ही व्याकरणाचा कायदा न जुमानणारी भाषा वाटावी यात नवल नाही. परंतु ज्यांना आपण अनियमित म्हणतो त्यांपैकी पुष्कळशी क्रियापदे वस्तुतः एका प्राचीन नियमाची वतनदार आहेत, आणि त्यांचे वतन आजवर शाबूत राहिले ते केवळ अखंड वहिवाटीच्या बळावर.

'सिंग, सँग, संग' हे शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. पहिल्यात जीभ पुढे आणि टाळूजवळ असते, दुसऱ्यात जबडा उघडून ती खाली येते, तिसऱ्यात ती मागे सरते. शब्दाच्या अंती मात्र काहीच जोडले जात नाही. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने 'आब्लाउट' या नावाने रूढ केलेला हा स्वरपालट आपल्यालाही परका नाही, कारण संस्कृतातील 'वेद' आणि 'विद्म', म्हणजे 'मी जाणतो' आणि 'आम्ही जाणतो', ही रूपे त्याच इंडो-युरोपीय वारशाची साक्ष देतात.

पुढे जर्मानिक भाषांत धातूला प्रत्यय जोडून भूतकाळ साधण्याची सोपी रीत निघाली, तिच्यातूनच इंग्रजीचा आजचा 'एड' प्रत्यय आला, आणि जुन्या वतनांना उतरती कळा लागली. 2007 साली एरेझ लिबरमन, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात मांडलेल्या हिशेबानुसार, प्राचीन इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत 145 आणि आज 98 एवढीच अनियमित उरली आहेत. 'हेल्प'चे 'होल्पेन' हे जुने रूप जाऊन 'हेल्प्ड' आले, ते याच ओघात. ज्या क्रियापदाचा वापर शंभरपटीने कमी, ते दहापट वेगाने नियमित होते, असे प्रमाणही त्यांना आढळले. म्हणूनच इंग्रजीतील सर्वाधिक वापराची दहाही क्रियापदे अद्याप अनियमित आहेत.

याचे मर्म स्मृतीत आहे. नियमित रूप ऐनवेळी घडवता येते, अनियमित रूप मात्र आठवावेच लागते, आणि जे रोज कानी पडत नाही ते आठवत नाही. आपली मराठीही याला अपवाद नाही: 'करणे'चे 'केले' आणि 'मरणे'चे 'मेला' नित्य वापरामुळेच तगले आहेत, आणि 'वेंट' हे रूप जसे 'वेंड' या निराळ्याच क्रियापदाकडून 'गो'ला लाभले, तसेच आपल्या 'जाणे'चे मूळ 'या' धातूत आणि 'गेला'चे 'गम्' धातूत आहे.

म्हणून मराठी मूल 'मी करलं' म्हणाले किंवा इंग्रजी शिकताना 'गोएड' म्हणाले, तर पालकांनी आणि शिक्षकांनी रागावू नये. त्याला नियम उमगला आहे, याचीच ती पावती होय. शुद्ध रूप त्याच्या कानी वारंवार पडू द्यावे, म्हणजे वहिवाट आपले काम चोख बजावील.