वेळेची अचूकता आणि स्थानाचे ज्ञान

आपल्या शाळेची घंटा भारतीय प्रमाणवेळेनुसार वाजते. ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील आहे. वरवट बकाल मात्र सुमारे ७६.७ अंशावर वसले आहे. एका अंशाला ४ मिनिटे, या हिशेबाने येथील सूर्य घड्याळापेक्षा सरासरी २३ मिनिटे मागे असतो. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही मुंबईने १९५५ पर्यंत आपली स्वतंत्र वेळ जपली होती. वेळेचा स्थानाशी असलेला हा संबंध उपग्रहांच्या युगातही सुटलेला नाही.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचे संदेश पाठवतात. संदेश निघाल्याची वेळ आणि त्याच्या प्रवासाचा काळ यांची बेरीज म्हणजे आताची वेळ होय. प्रवासाचा काळ अंतरावरून काढतात. म्हणून रिसीव्हरच्या अँटेनाचे स्थान ठाऊक असावे लागते. स्थान व वेळ दोन्ही अज्ञात असतील, तर किमान चार उपग्रह लागतात. स्थान निश्चित असेल, तर वेळेसाठी एकही पुरतो.

प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे ३ मीटरची चूक वेळेत १० नॅनोसेकंदांपर्यंत फरक पाडते. चूक पूर्व-पश्चिम किंवा दक्षिणोत्तर असेल, तर समोरासमोरच्या उपग्रहांमुळे ती बरीचशी परस्पर फिटते. मात्र उपग्रह सरकतात तशी वेळ थोडी मागेपुढे डोलते. उंचीची चूक अशी फिटत नाही, कारण सर्व उपग्रह डोक्यावरच असतात. उंची प्रत्यक्षाहून जास्त नोंदवली, तर घड्याळ मागे पडते.

येथेच एक फसगत होते. जीपीएसची उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजतात, नकाशावरील उंची समुद्रसपाटीपासून. महाराष्ट्रात या दोहोंत ५० मीटरांहून अधिक अंतर आहे. नकाशावरील आकडा तसाच भरला, तर दीडशेहून अधिक नॅनोसेकंदांची चूक होऊ शकते.

मोबाइल मनोऱ्यांना साधारण दीड मायक्रोसेकंदापर्यंतची चूक चालते, तेव्हा त्यातील दहावा हिस्सा येथेच खर्ची पडतो. पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजते. तेथे मायक्रोसेकंदाचा अंशही महत्त्वाचा ठरतो.

आकडा चुकला तरी घड्याळ बिनतक्रार चालत राहते. म्हणून विद्यार्थ्यांनो, कोणत्याही उपकरणात आकडा भरण्यापूर्वी तो कोठून मोजला आहे, हे अवश्य विचारा.