कोरडं वजन

डायलिसिसचं काम सुरू होतं ते वजनकाट्यावर. सोलापुरातल्या एका रुग्णालयात सकाळच्या पाळीला मी ते जवळून पाहिलं. तंत्रज्ञ मुलगी एकेकाला काट्यावर उभं करते आणि आकडा फाइलमधल्या 'ड्राय वेट'शी, म्हणजे अंगात जादा पाणी नसताना असायला हवं त्या वजनाशी, ताडून बघते.

"काका, तीन किलो वाढलंय. पाणी जास्त झालं ना?"

"ऊन किती हाय गं पोरी."

लघवी जवळपास बंद झालेल्या माणसाला दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, आणि चहा, आमटी, ताक त्यातच धरायचं. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे पाळणं म्हणजे काय, ते तहानलेल्यालाच कळावं. वाढलेले तीन किलो म्हणजे तीन लिटर पाणी. ते पायांवर सूज होऊन उतरतं, हृदयावर ताण आणतं, फुप्फुसात साचलं की माणसाला आडवं होऊ देत नाही.

मग ती काकांच्या मनगटाच्या वर बोटं टेकवते. तिथे शस्त्रक्रियेने रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडल्या आहेत. हा फिस्टुला. बोटांखाली सतत थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर रक्त काढायची वाटच बंद. म्हणून त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्यावर डोकं टेकून झोपायचं नाही, त्या हाताने घागर उचलायची नाही. दोन जाड सुया जातात. एकीतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून परत आत जातं.

मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर रक्त डायलायझरमधून फिरतं. त्या पारदर्शक नळकांड्यात केसासारखे हजारो पोकळ तंतू असतात. आतून रक्त वाहतं, बाहेरून उलट दिशेने क्षारांचं द्रावण. युरिया, क्रिएटिनिन, जादा पोटॅशियम तंतूंच्या भिंतीतून द्रावणात उतरतं. एका माणसाच्या चार तासांना साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. तिसऱ्या तासाला मुलगी जास्त सावध होते. पाणी भराभर निघालं की बीपी पडतं, पोटऱ्यांत गोळे येतात. काकांचा चेहरा उतरलेला दिसताच ती पाणी काढणं थांबवते, त्यांचे पाय उंच करते, पोटरी दाबत राहते. मशीनची घंटा वाजायच्या आधी तिला कळलेलं असतं.

या यंत्राने माणसं जगतात, हे मोठंच आहे. पण आठवड्यातून तीनदा मिळून ते 12 तास चालतं; मूत्रपिंडं 168 तास चालत असतात. शिवाय रक्तपेशी तयार करायचा निरोप मूत्रपिंडंच हाडांतल्या मगजाला देतात. तो थांबतो आणि रक्त कमी होतं, जिना चढताना धाप लागते. ड जीवनसत्त्व कामाला येत नाही, हाडं ठिसूळ होतात. फॉस्फरस साचतो, अंगाला खाज सुटते. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आजाऱ्याला भेटायला शहाळं नेण्याची आपली रीत इथे जिवावर बेतू शकते.

काकांना पंधरा वर्षांची शुगर. "दुखलं असतं तर आलो असतो की," ते म्हणाले. पण हा आजार दुखतच नाही. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. काही बंद पडल्या की उरलेल्या त्यांचं काम ओढतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. निम्मं काम संपेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिनही फारसं वाढलेलं नसतं. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात ती मात्र बहुधा त्याच्या बरीच आधी, आणि त्या वेळी सापडलं तर औषधं, साखर आणि बीपीचा ताबा यांनी आजाराची चाल पुष्कळ मंदावते.

घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किंवा कुणी गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळी घेत असेल, तर त्यांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तपासून घ्या. काही दुखत नसलं तरी.