वर्दी देणाऱ्या पेशी

पायाला कांटा रुतून जखम चिघळली, म्हणजे एकदोन दिवसांत जांघेंत अवधाण येतें. जखम पायाला आणि गांठ जांघेंत, हें कसें, असें लहान मूल विचारतें. "पायाचें दुखणें वर चढलें," एवढें सांगून आजी गांठीवर लेप लावते. आजीचें उत्तर अगदींच चुकीचें नसतें. पायाकडून जांघेकडे कांहीं तरी खरोखरच गेलेलें असतें. मात्र तें नुसतें दुखणें नसून दुखण्याची वर्दीही असते.

शरीराचें रक्षण पांढऱ्या पेशी करतात, हें सर्वश्रुत आहे. त्यांपैकीं 'टी' नांवाच्या पेशी मोठ्या पराक्रमी. परंतु मोकळा फिरणारा जंतु त्यांना ओळखतां येत नाहीं. दुसऱ्या एखाद्या पेशीनें जंतूचे तुकडे करून त्यांतील एक आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखविला, तरच त्यांना शत्रूची ओळख पटते. ज्या पदार्थावरून ही ओळख पटते त्यास प्रतिजन म्हणतात, व तो दाखविणाऱ्या पेशींस प्रतिजनदर्शक पेशी. भक्षकपेशी, 'बी' पेशी आणि शाखापेशी हे त्यांचे मुख्य प्रकार होत. नवख्या टी-पेशींना जागें करण्यांत शाखापेशींचा हात धरणारें कोणी नाहीं.

त्वचेंतील या फांद्या फुटलेल्या पेशी सन १८६८ मध्यें पॉल लँगरहान्स या बर्लिनच्या विद्यार्थ्यानें प्रथम पाहिल्या. पण त्याला त्या मज्जापेशी वाटल्या. पुढें सन १९७३ मध्यें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत राल्फ स्टाइनमन व झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेंत तशाच शाखायुक्त पेशी आढळल्या. त्यांची संख्या शेंकडा एकदोन एवढीच असल्यामुळें इतर शास्त्रज्ञ कित्येक वर्षें साशंकच राहिले.

शाखापेशी त्वचेंत, फुप्फुसांत, आंतड्यांत ठाणें देऊन बसलेल्या असतात. जंतु गिळतांच त्या ठाणें सोडून लसीकावाहिनींतून जवळच्या ग्रंथींत जातात. तेथें असंख्य टी-पेशींतून त्या तुकड्याशीं नेमकी जुळणारी पेशी गांठली जाते, आणि मग तिची संख्या झपाट्यानें वाढूं लागते. अवधाण म्हणजे बहुधा हीच लगबग.

परंतु चावडीवर नुसता मुद्देमाल ठेवून भागत नाहीं, साक्षही लागते. शाखापेशी शरीराचे स्वतःचे तुकडेही नित्य दाखवीत असते. जंतूची किंवा इजेची खूण पटली, तरच ती टी-पेशीला दुसरा इशारा देते. हा इशारा न मिळालेली टी-पेशी बहुधा निष्क्रिय होते. शरीरानें स्वतःवरच उलटूं नये, म्हणून निसर्गानें केलेल्या व्यवस्थांपैकीं ही एक होय.

औषधशास्त्रानें याच दुहेरी कुलपाचा उपयोग केला आहे. कांहीं लशींत ॲल्युमिनियमचे क्षार मिसळतात, ते शाखापेशींना जागें करण्यास मदत करतात. उलट, आमवातांत शरीर आपल्याच सांध्यांवर उठतें. तेथें दुसरा इशारा अडविणारें अ‍ॅबॅटासेप्ट हें औषध अमेरिकेंत सन २००५ मध्यें मान्य झालें. सन २०१० मध्यें तेथेंच प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर सिप्युल्यूसेल-टी मान्य झालें. यांत रोग्याच्याच रक्तांतील पेशी काढून त्यांना त्या ग्रंथींतील प्रथिनाची ओळख करून देतात व परत शरीरांत सोडतात. प्रयोगांत रोग्यांचें आयुष्य सुमारें चार महिन्यांनीं वाढलें. यश थोडें, पण मार्ग नवा.

स्वतः स्टाइनमन यांना सन २००७ मध्यें स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. सहकाऱ्यांनीं इतर उपचारांबरोबर त्यांच्याच शाखापेशींपासून केलेल्या लशीही त्यांना दिल्या. हा रोग अनेकांना वर्षभरांतच नेतो. ते साडेचार वर्षें जगले. एका रोग्यावरून उपायाचा गुण सिद्ध होत नाहीं, हें खरें. ३० सप्टेंबर २०११ रोजीं त्यांचें निधन झालें, आणि तिसऱ्या दिवशीं नोबेल पारितोषिक जाहीर झालें. मृतास तें देऊं नये असा नियम. पण निवड करणारांना निधनाची वार्ता नव्हती, म्हणून तें कायम राहिलें.

मुलाच्या जांघेंत पुन्हा अवधाण आलें, तर गांठ चोळीत बसूं नये. आधीं पायाची जखम स्वच्छ करावी, आणि ताप असेल किंवा गांठ वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावें. वर्दी पोंचली आहे, एवढेंच ती गांठ सांगत असते. मूळ दुखणें खालींच असतें.